व्हेनिसऐवजी कोमाक्यो? कोणी जाऊन आलंय का?

कोथरूडकर_७२: नमस्कार मंडळी, मुलगी बोलोन्याला शिकते, तिच्याकडे ऑक्टोबरमध्ये चाललोय, मी, बायको आणि आई (वय ७४, गुडघे कुरकुरतात, चातुर्मास पाळते). व्हेनिसची गर्दी नको वाटते. मुलीने कोमाक्यो नावाचं कालव्यांचं गाव सुचवलंय, पो नदीच्या त्रिभुज प्रदेशात. एक दिवस घालवण्यासारखं आहे का? आई खाणार काय?

भिगवणवारी: आम्ही गेलोय. आधी उच्चार, ते कोमाचियो नाही, मी बसवाल्याला तीनदा तेच म्हणालो आणि तो नुसता बघत राहिला. बोलोन्याहून फेराराला रेल्वे, तिथून पुढे बस, साधारण ५० किमी, कारण गावाला स्टेशनच नाही. आम्ही नेमके रविवारी गेलो, परतीची बस हुकली, पुढची कधी ते बघून सौ. माझ्याशी फेरारापर्यंत बोलली नाही. तर वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि रविवार टाळा.

आता स्पष्ट सांगतो, नुसते कालवे बघायला जाऊ नका. गाव दोन तासांत संपतं. १६३४ चा त्रेपोंती पूल आहे, एकाच पुलाला पाच जिने, झकास आहे, पण आईंना खालूनच दाखवा, चढायची गरज नाही. खरी मजा गावाबाहेरच्या खाऱ्या पाण्यात, त्याला तिथे 'व्हाल्ली' म्हणतात. फोचे नावाच्या धक्क्यावरून बोट निघते, मध्ये मच्छीमारांची जुनी घरं दाखवतात. मिठागराच्या बाजूला रोहित पक्षी. आपल्या कुंभारगावला पहाटे थंडीत कुडकुडत होडीत बसतो ना, त्याची आठवण आली, फक्त इथे चहा-भजी नाही 😄

वामप्रेमी: वरच्यांनी मुख्य गोष्टच सोडली!! हे गाव उभं राहिलंय ते वाम माशावर. वाम मोठी झाली की शरदात, काळोख्या वादळी रात्री समुद्राकडे निघते, अंडी घालायला थेट अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात. तिचा हा स्वभाव ओळखून या लोकांनी पाण्याच्या तोंडाशी बाणाच्या आकाराचे सापळे लावले, समुद्राच्या ओढीने ती आपण होऊन आत शिरते. मग सळईला लावून भाजायची आणि व्हिनेगर, मीठ, तमालपत्रासारखं पान घालून मुरवायची. तो जुना कारखाना आता म्युझियम आहे, एका दालनात ओळीने १२ चुली, वाड्यातल्या मुदपाकखान्यासारख्या. ऑक्टोबरात वामेचा उत्सवही असतो, म्हणजे शनिवार-रविवारी गर्दी. मी खाल्ली, चव आपल्या रश्श्यापुढे काही नाही, पण धुराचा वास मस्त. युरोपातली वाम आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे म्हणे, मग खाताना जरा टोचलंही, खोटं कशाला बोलू.

कोथरूडकर_७२: वाचूनच आई म्हणाली, मी बोटीत बसेन पण त्या चुलींच्या खोलीत येणार नाही 🙏 शाकाहारी काही?

पुरणपोळी_ऑन_टूर: काकूंना 'काप्पेल्लाच्ची दी झुक्का' द्या, फेराराचा खास पदार्थ, लाल भोपळ्याचं सारण भरलेली पास्त्याची करंजी समजा. मागवताना 'बुर्रो ए साल्व्हिया' म्हणजे लोणी आणि सेजची पानं असं बजावून सांगा, नाहीतर वर खिम्याचा सॉस येतो. आणि त्यांचं ते पारमेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, कडक पाळत असाल तर वरून किसू देऊ नकाच, पण ते बहुधा सारणातही असतं आणि पास्त्याच्या पिठात अंडं, तेव्हा मागवण्याआधी विचारा. कांदा-लसणाचंही विचाराच. बाकी दशम्या, चटणी सोबत असू द्या, मी तर नेतेच.

भिगवणवारी: अजून एक, गाडी भाड्याने घेतली तर पोम्पोसाचा मठ जवळच आहे. गुइदो नावाच्या साधूने हजार वर्षांपूर्वी गायकांना गाणं पटकन शिकवायची स्वरलिपीची पद्धत तिथे बसवली, ते दो-रे-मी त्याचंच. सवाई चुकवत नसाल तर तेवढ्यासाठी जाच. ४८ मीटरचा मनोरा आहे, तोही खालूनच बघा 😉

कोथरूडकर_७२: गाडी ठरली मग. गुरुवारी जातो. दुर्बीण घेऊ का, की सामान उगाच वाढेल?

भिगवणवारी: दुर्बीण घ्या, दुसरी छत्री काढा. आणि ओडोमॉस, ऑक्टोबर असला तरी.