बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा आरबीआय लोकपाल खरंच स्वतंत्र असतो का? की अर्थमंत्र्यांना लिहू?

कट्ट्यावरचा_बाळू: आई एफडी रिन्यू करायला एकटीच गेली होती, सरकारी बँक आहे, नाव नको. तिथे गोड बोलून विम्याची पॉलिसी गळ्यात मारली, वय 68 आणि दरवर्षी 1 लाख भरायचे! मॅनेजर म्हणतो सही तुमचीच आहे ना. मित्र म्हणतो लोकपालाकडे जाऊन काही होणार नाही, बँक सरकारची, आरबीआय पण सरकारचीच, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. खरंय का हे?

पासबुक: ते नंतर. पॉलिसी हातात येऊन 30 दिवस झालेत का? नसतील तर फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी परत करायच्या मुदतीत, विमा कंपनीला लेखी देऊन कॅन्सल करा, स्टॅम्प ड्युटी वगैरे किरकोळ कापून पैसे परत मिळतात. बँकेलाही वेगळी तक्रार टाका, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर मग आरबीआय लोकपाल. फुकट आहे, वकील लागत नाही.

जुना_ठेवीदार: मित्र अर्धा बरोबर आहे. आरबीआयने निर्बंध घातलेली पीएमसी सहकारी बँक आठवा, सप्टेंबर 2019, सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त 1000 रुपये काढायची मुभा. ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्री सीतारामन मुंबईत आल्या तेव्हा खातेदारांनी गाठलं तर म्हणाल्या की नियमन आरबीआय करते, मंत्रालयाचा थेट संबंध नाही. बरं. मग ठेवींवरचा विमा 1 लाखाचा 5 लाख झाला तो कुठे जाहीर झाला? 2020 च्या बजेटमध्ये! आरबीआय कायद्याचं कलम 7 पण बघा, गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार जनहितासाठी थेट आदेश देऊ शकतं, 2018 मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला आणि डिसेंबरात तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल राजीनामा देऊन गेले, कारण दिलं वैयक्तिक. म्हणजे हवं तेव्हा आरबीआय सरकारची आणि लोक दारात आले की स्वायत्त 😄

पासबुक: मुद्दा मान्य पण आईच्या केसमध्ये दिल्ली कुठे आली? मला खटकतं ते वेगळंच, लोकपाल हा आरबीआयचाच अधिकारी, त्याच्यावर अपील केलं तर तेही आरबीआयच्याच कार्यकारी संचालकाकडे. घरातलं भांडण घरातच. तरी मी जा म्हणेन, कारण निवाडा तुम्ही स्वीकारलात तर बँकेला पाळावा लागतो, नाही पटला तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही.

जुना_ठेवीदार: सरकारी बँकेत दिल्ली येतेच हो. 2018 मध्ये पटेल स्वतः गांधीनगरला जाहीर बोलले होते की सरकारी बँकांच्या संचालकांना काढायचा अधिकार आरबीआयला नाही, खासगी बँकेत आहे. मालकच वर बसलाय तर टार्गेटसाठी म्हाताऱ्या माणसांना पॉलिसी विकणाऱ्यांना भीती कोणाची?

कट्ट्यावरचा_बाळू: आत्ता पाकीट शोधलं, पोस्टाचा शिक्का 22 दिवसांपूर्वीचा आहे!! उद्या अर्ज घेऊन जातो.

पासबुक: ते पाकीट टाकू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या, आणि मॅनेजर "ठेवून जा, बघतो" म्हणाला तरी शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका.