तैनातीवरील जवानांसाठी खोकी भरणारे वडील : त्यांना थांबवावे का?

प्रश्न : धाकटी_पाती

नमस्कार. माझे वडील २४ वर्षांच्या नोकरीनंतर लष्करातून निवृत्त झाले, त्यालाही आता ३१ वर्षे होत आली. पण या ३१ वर्षांत त्यांनी स्वस्थ बसून काढलेला एखादा आठवडा मला आठवत नाही. रक्तदान शिबिराची मांडामांड करणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तपासणीसाठी रुग्णालयात नेऊन आणणे, जुना सहकारी गेला की कोटावर पदके लावून त्याच्या अंत्यसंस्काराला उभे राहणे, हे सारे चालूच असते. त्यांचा खरा जीव मात्र दूरच्या तैनातीवर असलेल्या जवानांना पाठवायच्या खोक्यांत अडकलेला आहे. महिन्यातून एकदा ते आणि त्यांचे पाच-सहा सोबती एका सभागृहात जमतात, लांब टेबलांवर मोजे, दाढीची पाती, ओठांना लावायचे मलम आणि पत्त्यांचे कॅट ओळीने मांडतात आणि टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत खोकी भरतात. सर्वांत वर हाताने लिहिलेले पत्र असलेच पाहिजे, हा वडिलांचा नियम आहे. पत्र राहून गेलेले खोके ते चिकटपट्टी फाडून पुन्हा उघडायला लावतात.

गेल्या वर्षी आई गेली, त्यानंतर चारच महिन्यांनी वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरीही त्यांनी एकही महिना चुकवलेला नाही. "आता पुरे" असे आम्ही भावंडांनी म्हटले, की ते वाद घालत नाहीत, नुसते कात्री शोधू लागतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या खोक्यांचा जवानांना खरोखर उपयोग होतो, की ती पाठवणाऱ्यांच्याच समाधानाची सोय आहे? आणि वडिलांचे मन न दुखावता त्यांना थांबवावे कसे?

उत्तर : जुनी_पलटण

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवावरून देतो. तैनातीवर टपाल आले की नावे पुकारली जातात, आणि ज्याचे नाव येत नाही तो काहीतरी काम काढून बसतो. आमच्या तुकडीतल्या एका मुलाच्या बुटांच्या नाड्या नेमक्या त्याच वेळी सुटत असत. एकदा अनोळखी माणसांनी पाठवलेले खोके त्याच्या नावावर आले. त्यातल्या वस्तू त्याने संध्याकाळपर्यंत वाटून टाकल्या, पण "तुमच्या तंबूत उंदीर येतात का?" असे विचारणारे एका शाळकरी मुलाचे पत्र त्याने ठेवून घेतले आणि त्याला चार पानी उत्तर लिहिले. उंदीर येत होते, हेही त्यात सविस्तर होते.

सैन्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील अमेरिकी सैनिकांचे टपाल इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गोदामांत तुंबले, तेव्हा फेब्रुवारी १९४५ मध्ये मेजर चॅरिटी ॲडम्स यांच्या नेतृत्वाखाली ६८८८ वी टपाल बटालियन तेथे पाठवण्यात आली. या बटालियनमध्ये सुमारे ८५० स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय होत्या. तुंबलेल्या टपालाचा अंदाज १ कोटी ७० लाख नगांचा सांगितला जातो. रॉबर्ट स्मिथ या एकाच नावाचे सैनिक साडेसात हजारांच्या घरात होते, त्यामुळे नावापुढच्या सेवाक्रमांकावरून माणूस हुडकावा लागे. तीन पाळ्यांत रात्रंदिवस राबून त्यांनी सहा महिन्यांचे काम तीन महिन्यांत संपवले. ऐन युद्धात केवळ टपालासाठी एवढे मनुष्यबळ लावले जाते, यावरून आपल्या वडिलांच्या खोक्याची किंमत आपणच ठरवावी.

उत्तर : टेबलापलीकडून

जुनी_पलटण यांचे म्हणणे खरे असले, तरी ते अर्धेच आहे. मी नऊ वर्षे अशाच एका गटात खोकी भरली आहेत आणि आमची निम्मी खोकी, स्पष्टच सांगायचे तर, आमच्या समाधानासाठी होती. पहिल्या वर्षी आम्ही सुगंधी साबण आणि बिस्किटे शेजारी शेजारी ठेवली. काही आठवड्यांनी एका जवानाचे फार सभ्य पत्र आले, की साबण उत्तम आहे आणि बिस्किटेही साबणासारखीच लागतात. उन्हाळ्यात पाठवलेले चॉकलेट वितळून पत्रांना चिकटले, ते वेगळेच. घेणारा कोण, तो कुठे आहे आणि तिथे कोणत्या वस्तूंना मनाई आहे, हे विचारल्याशिवाय खोके भरू नये, हे आम्ही असे ठेचा खात शिकलो.

वास्तविक ही अक्कल शंभर वर्षांपूर्वीच कुणाला तरी होती. १९१४ च्या नाताळात ब्रिटनची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी उभारून सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या गेल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. न करणाऱ्यांसाठी गोळ्या आणि लिहिण्याचे साहित्य होते. भारतीय सैनिकांपैकी अनेकांना मसाले आणि खडीसाखर मिळाली. एवढ्या घाईच्या काळातही घेणाऱ्याचा विचार झाला होता.

आणखी एक. "कोणत्याही जवानास" असा पत्ता घालून पाठवण्याची सोय अमेरिकेत पूर्वी होती, पण २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्स या घातक रोगाच्या जंतूंची पाकिटे गेल्यानंतर संरक्षण खात्याने ती बंद केली. त्यामुळे आता तिथे खरे नाव आणि तुकडीचा पत्ता लागतो, आणि आपली माहिती बाहेर द्यायला जवान तयार नसेल तर आपण त्याला आग्रह करू नये. वडिलांचा गट हे पाळत असेल, तर त्याचा उपयोग नक्कीच होतो.

उत्तर : मागे_राहिलेली

मी एका जवानाची पत्नी आहे. तैनातीच्या काळात त्यांना खोकी मिळत होती आणि त्याचा त्यांना आनंदही होता. परंतु मला आठवतात ते दाराशी आलेले एक वृद्ध निवृत्त हवालदार. रात्री नळ फुटून स्वयंपाकघरात पाणी साचले होते आणि मूल तापाने फणफणले होते. त्यांनी आधी पाण्याची मुख्य तोटी बंद केली, मग आम्हाला डॉक्टरांकडे नेले आणि परत सोडताना इतकेच म्हणाले, "यांना हे आत्ताच कळवू नका, नळ दुरुस्त झाल्यावर कळवा." ती सूचना तैनातीवर राहून आलेला माणूसच देऊ शकतो. आपल्या वडिलांचा गुडघा उभे राहण्याचे काम नको म्हणत असेल, तर त्यांना फोनवरचे काम द्यावे. तैनातीवर असलेल्यांच्या घरी आठवड्यातून एकदा फोन करून "काही अडले आहे का?" असे विचारणारा माणूस फार थोड्या घरांना मिळतो.

धाकटी_पाती

सर्वांचे आभार. थांबवण्याचा प्रश्न मी चुकीचा विचारला, हे आता लक्षात येत आहे. पण इतकी वर्षे सगळे स्वतः पाहणारा माणूस काम वाटून घ्यायला तयार कसा होईल?

जुनी_पलटण

"आराम करा" हे शब्द काढूच नका. निवृत्तीच्या दिवशी ते पुरेसे ऐकून झालेले असतात. त्यांना नवी जबाबदारी द्या आणि जुन्या जबाबदारीचा रीतसर ताबा घ्या. नोंदवही समोर ठेवून, यादीतली एकेक बाब मोजून, जसा कोठाराचा ताबा घेतात तसा. ही भाषा त्यांना कळते. अमेरिकेतील मेन राज्यात बँगोरच्या विमानतळावर जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांचे स्वागत करणारा स्वयंसेवकांचा गट आहे, त्यात अनेक वृद्ध माजी सैनिक आहेत. २००३ पासून त्यांनी दहा लाखांहून अधिक सैनिकांशी हस्तांदोलन केले आहे. विमान मध्यरात्री उतरो की पहाटे, कुणीतरी तिथे हजर असते, आणि घरी बोलायला सैनिकाच्या हाती फोन दिला जातो. एकाच माणसाला हे झेपले नसते. पाळ्या लावल्या म्हणूनच ते चालले.

धाकटी_पाती

कळवण्यास उशीर झाला. गेल्या महिन्यात वडिलांसाठी टेबलाच्या शेवटी खुर्ची ठेवली आणि पत्रे तपासण्याचे काम त्यांच्याकडे दिले. खुर्ची त्यांनी दोनदा बाजूला सारली, तिसऱ्यांदा बसले. पत्त्यांची वही माझ्याकडे सोपवताना त्यांनी प्रत्येक नाव मोठ्याने वाचले आणि मला समोर खूण करायला लावली. त्याला पाऊण तास लागला. तैनातीवर असलेल्यांच्या चार घरांचे फोन आता त्यांच्याकडे आहेत. खोकी मी आणि माझी बहीण भरतो. पहिल्याच दिवशी मी वेळ वाचावा म्हणून संगणकावर छापलेली पत्रे नेली होती. त्यांनी त्यातले एक शांतपणे वाचले, घडी घालून मला परत दिले आणि खिशातले पेन पुढे केले.