प्रतिसाद: बारा व्होल्टची ठिणगी

कोळसा खाणीत फ्लेमप्रूफ पेट्या (आतला स्फोट बाहेरच्या गॅसपर्यंत पोहोचू न देणाऱ्या) फक्त मोठ्या मोटर आणि स्विचसाठी लागतात, बारा-चोवीस व्होल्टच्या सिग्नलच्या घंटेला काय धाड भरलीय, हे म्हणणं पटलं नाही. खरा धडा मिळाला तो त्या क्षुल्लक सिग्नलमुळेच. वेल्समधल्या सेंगेनिड कोळसा खाणीत ऑक्टोबर 1913 मध्ये स्फोट होऊन 439 कामगार गेले. कारण ठामपणे सिद्ध झालं नाही, पण संशयितांमध्ये बॅटरीवर चालणारी विजेची घंटाही होती. उघड्या तारा एकमेकींना टेकवून ती वाजवायची पद्धत होती तेव्हा!

गोम व्होल्टेजमध्ये नाही, घंटेच्या कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) आहे. तार सुटली की कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा त्या फटीत ठिणगी होऊन उतरते, आणि खाणीतला मिथेन गॅस पेटायला साधारण 0.3 मिलीज्यूल पुरतात. म्हणून ठिणगी पडली तरी गॅस पेटणार नाही इतकीच ऊर्जा सर्किटमध्ये ठेवायची, ही ‘इन्ट्रिन्सिक सेफ्टी’ची कल्पना पुढे आली. कॉइलला समांतर रेझिस्टर किंवा डायोड जोडतात तो याचसाठी, म्हणजे साठलेली ऊर्जा ठिणगीऐवजी त्यातून जिरते. दुरुस्तीत तो ‘फालतू’ भाग काढून टाकला तरी घंटा मस्त वाजत राहते, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.