समुद्रावर काहीही न करता घालवलेला दिवस : तुमचेही किस्से येऊ द्या

दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला जाऊन आलो. आमच्याकडे ट्रिप म्हणजे यादी असते, सकाळी सातला गाडी सुरू, हेदवीचा गणपती, मग बामणघळ, वेळणेश्वर, जमलंच तर अंजनवेलचा गोपाळगड. ह्यावेळी मुलगा कुंभार्ली घाटात उलट्या करून पार गळून गेलेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं सगळं कॅन्सल केलं आणि व्याडेश्वराच्या मागे जो किनारा आहे तिथेच दिवसभर पडून राहिलो. सासऱ्यांनी सुरूच्या सावलीत चटई टाकली आणि तीन तास पेपर वाचला, तोही आदल्या दिवशीचा. सासूबाई घरी पाच मिनिटं टेकत नाहीत, त्या साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्याच्या कडेला बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. मुलगा अकरापर्यंत ठणठणीत होऊन खड्डा खणायला लागला (तो दिवसभर तेच करत होता, बाकी काही नाही). संध्याकाळी लक्षात आलं की आपण आज एकही फोटो काढलेला नाही.

तर असे, एकही पॉइंट न बघितलेले दिवस लिहा. हॉटेलं आणि रेट नकोत, त्याचे धागे भरपूर आहेत.

*

दिवेआगर. लेक तेव्हा पाच वर्षांची. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते ना, ती कोण काढतं ह्याच्यावर आमचे दोन तास गेले. हालचाल केली की खेकडे बिळात गुडुप, म्हणून आम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे. मग आले हळूच बाहेर. वाळू तोंडात घालतात, त्यातलं खायचं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली, सगळं पुसलं गेलं, तर ही भोकाड पसरून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळी परत तयार!

*

आमचा निवांतपणा अंगाशी आलेला. अलिबागला ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात गेलो, आत गणपतीचं दर्शन, मग सावली बघून बसलो, भेळ काढली, मेव्हण्याने चक्क डुलकी काढली. बाहेर येऊन बघतो तर मघाशी जिथून चालत आलो तिथे पाणी. बायको म्हणाली गुडघाभरच आहे चला, मी म्हटलं मध्ये किती असेल काय माहीत, ह्यात अजून दहा मिनिटं गेली. शेवटी होडीने आलो. आत जातानाच एक घोडागाडीवाले काका "बाराच्या आत बाहेर या" म्हणून ओरडले होते ते सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ते दुसऱ्या कोणाला तरी सांगतायत असं वाटलं.

*

वरचं वाचून राहवलं नाही. मी मूळची श्रीवर्धनची. आमच्या आजीला कधी भरतीचं वेळापत्रक बघावं लागलं नाही, ती तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हा हिशोब जमतो. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ भरती आणि भर दुपारी ओहोटी, पौर्णिमा-अमावस्येला बरोब्बर उलट. तेव्हा उधाण असतं, पाणी वर चढतंही खूप आणि मागेही लांबवर जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याला फार जोर नसतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो हं, त्यामुळे किल्ल्यात जाताना तिथल्या माणसांना विचारायचंच आणि मेव्हण्याला झोपू द्यायचं नाही.

*

तारकर्ली. सगळ्यांना स्कूबा करायचं होतं, मी म्हटलं तुम्ही जा, मी आणि आई इथेच. सकाळी सातला किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन बाजूंना दोन दोर आणि प्रत्येक दोराला दहा-पंधरा माणसं, मागे मागे सरकत जाळं ओढतात. नुसतं बघत काय उभं राहायचं म्हणून मीही हात लावला, आईने पर्स माझ्या गळ्यात अडकवली आणि तीसुद्धा लागली ओढायला. वय वर्षं ६८! तासाभराने जाळं वर आलं, त्यात बरेचसे पेडवे, थोडे बांगडे आणि सटरफटर. एका आजोबांनी आईच्या ओंजळीत पेडवे घातले, "ह्यो घेवा, तुमचो वाटो." खाणावळीतल्या काकूंनी ते दुपारी तिखलं करून वाढले. स्कूबावाले आले तेव्हा एकही उरला नव्हता. आई अजून नातेवाइकांना फोनवर सांगते की मी मासे पकडले.

*

इकडे न्यू जर्सीत बऱ्याच गावांत बीचवर जायला बॅज विकत घ्यावा लागतो. आईबाबा पहिल्यांदा आलेले, आईला ते पटेचना, समुद्राला कसलं तिकीट? पैसे वसूल करायचे म्हणून मग सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हललीच नाही. जुलै महिना, सगळे उघडे आणि आमची माउली स्वेटर घालून छत्रीखाली. डब्यात बटाटेवडे. बाबांनी एक हातात घेतला आणि तोंडाशी नेतायत तेवढ्यात सीगलने मागून येऊन पळवला. बाबा नुसते रिकाम्या हाताकडे बघत राहिले. आई म्हणाली, "आपले कावळे बरे, ठेवल्याशिवाय घेत नाहीत."

*

सगळं छान आहे पण मी जरा वेगळं लिहिते. निवांत दिवस नक्की कोणाचा? आमच्याकडे सगळे पाण्यात आणि मी चपला, मोबाईल, चष्मे सांभाळत वाळूत. नंतर ओले कपडे पिळा, पोरांच्या कानातली वाळू काढा, बाथरूमची मोरी तुंबली ती बघा. ह्या मे महिन्यात काशीदला मी जाहीर केलं की आज मी कोणाचीही आई नाही आणि शहाळं घेऊन लांब जाऊन बसले. पाऊण तास टिकलं. मग धाकटा चप्पल हरवली म्हणून शोधत आला. पण तो पाऊण तास, काय सांगू!

*

@वरच्या ताई, अगदी. सासूबाई उठत का नव्हत्या ते आत्ता कळलं मला. बाकी तो पेपर अजून गाडीत आहे, वाळूसकट.

*

घाईत विचारतेय, आम्ही उद्या नागावला निघतोय. उद्या षष्ठी, म्हणजे सहा पाऊण साडेचार, तेव्हा पूर्ण भरती ना? की मी उलटं करतेय?

*

बरोबर, साडेचारच्या आसपास. जेवून उठलात की आधी पाण्यात जाऊन या. आणि गाडी वाळूत घालू नका, गेल्याच आठवड्यात आमच्याकडे एक भलीमोठी गाडी ट्रॅक्टर लावून काढली.