‘आधी आपली पोरं बघा’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही बघितली का?

होटगीरोडकर: काल इथे एकाने लिहिलं, दिल्लीतल्या अफगाण-रोहिंग्या पोरांना व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या सोलापूरच्या कॉलेजवाल्यांनी आधी ऊसतोडीची पोरं बघावीत. बरं, तुम्ही किती बघितली? माझी पुतणी शिकवते. परवा गणित राहिलं बाजूला, मुलीने आईचा दवाखान्याचा कागद स्क्रीनसमोर धरला आणि कुठली गोळी उपाशीपोटी, कुठली जेवून, यातच अर्धा तास गेला. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, 6 ते 14 वयाचं प्रत्येक मूल म्हटलंय, नागरिकत्वाची अट नाही, तरी आधार नाही म्हणून पोरं शाळेच्या दारातून परत येतात. मागे लागणारं मोठं माणूस पाहिजे ना कुणीतरी.

फडकरी: पोस्ट माझीच. 1951 च्या निर्वासित करारावर भारताने सहीच केली नाही, मग आपल्या गळ्यात कशाला? दिवाळी झाली की आमच्या शिवारात ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. शाळेच्या टायमाला पोरी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधत असतात, धाकटं भावंड उसाच्या पाल्यावर झोपवून. त्यांना शिकवा की.

करमाळकरीण: निर्वासित लांब कशाला शोधताय? आमचं गाव उजनीत गेलं. धरण 1980 ला झालं, वडील अजून धरणग्रस्ताचा दाखला घेऊन पुनर्वसनाच्या ऑफिसला जातात. आम्हाला कोण मेंटर मिळाला?

जुळे_सोलापूर: उजनी निघालीच आहे तर विचारतो, एवढं धरण असून आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी का? ते पण रात्री दोनला!

करमाळकरीण: आमची घरं बुडवून पाणी पिता, वर टायमिंगची तक्रार? लाज वाटू द्या.

जुळे_सोलापूर: मी बुडवलं का बे तुमचं गाव? टँकरचे पैसे मी भरतो.

करमाळकरीण: टँकरमध्ये पण उजनीच आहे!!

पूर्वभाग: पाण्याचं वेगळं भांडा. माझे आजोबा तेलंगणातून पोट भरायला आले, मागावर बसले, आई विड्या वळायची. शाळेत तेलुगू बोललो की पोरं हसायची. गल्लीतल्या एका मास्तरांनी फॉर्म भरून स्वतः कॉलेजात नेलं, नाहीतर मी पण मागावरच. तेव्हा कुणी ‘आधी आपली’ म्हटलं असतं तर?

फडकरी: तुम्ही भारतातलेच की, उगं काहीही जोडू नका.

होटगीरोडकर: आणि आमचे सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला निघाले तेव्हा सोलापुरात सगळे ठणठणीत होते वाटतं.

फडकरी: बास बे, कोटणीस काढले की आम्ही गप्प बसायचं! शिकवू दे तुझ्या पुतणीला, माझं काय जातंय. पण रविवारी उसाच्या फडावर पण पाठव, गाडी मी देतो.

होटगीरोडकर: येईल. तिथे रेंज असते का, दोन्हीकडची पोरं एकदम घेईल म्हणते.

फडकरी: रेंज असती तर गाडी कशाला दिली असती?