किरायाच्या घरात, मालकाला न विचारता : नागपूरकरांचे अनुभव

होळी झाली की नागपुरात झाकून ठेवलेले कूलर बाहेर येतात, जुनी खस निघते, नवी भरली जाते, आणि किरायाने राहणाऱ्यांपुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो : कूलर नीट बसवायचा तर खिडकीची ग्रील कापावी लागते, आणि ग्रील घरमालकाची. या धाग्यात अशाच बदलांचे अनुभव मागवत आहे. भिंतीला छिद्र पाडण्यापासून ओटा बांधण्यापर्यंत काहीही चालेल. अट एवढीच की ते काम मालकाच्या परवानगीवाचून झालेले असावे. घरमालकांनीही अवश्य लिहावे. व्यक्तींची आणि फ्लॅट स्कीमची नावे मात्र कृपया टाळावीत.

चर्चेला आधार असावा म्हणून कायद्यातले थोडे आधीच मांडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालत असे. नव्या कायद्याच्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम केले, तर घर परत मागण्याचे ते एक कारण ठरते. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी आवश्यक असलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, एक्झॉस्ट आणि धुराडे ही कामे, जेथे लागेल तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केल्यास, कायमस्वरूपी बांधकामातून वगळलेली आहेत. यादीत एसी आहे, कूलर नाही. ती तयार करणाऱ्याने नागपुरात मे महिना काढलेला नसावा. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना या यादीचा फारसा आधार नाही, कारण मुदत संपली की कलम २४ खाली मालक घर परत मागू शकतो आणि घर न सोडल्यास ठरलेल्या किरायाच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्यांचा खरा वाद होतो तो डिपॉझिटवरून.

त्रिमूर्तीनगर

आमच्या बेडरूमच्या खिडकीला जवळजवळ बसवलेले सरळ गज होते. कूलर बाहेर स्टँडवर ठेवला, तर हवा गजांवर आपटून अर्धी बाहेरच राहायची आणि जी आत यायची तिने खोली नुसती दमट व्हायची. मालक पुण्याला मुलाकडे राहत आणि फोनवर "पाहू, आल्यावर बोलू" याच्या पुढे जात नसत. शेवटी आम्ही वेल्डरला बोलावले. गज कापून भंगारात देण्याऐवजी कापलेला चौकोन लोखंडी पट्टीच्या चौकटीत अखंड ठेवावा, उरलेल्या ग्रीललाही त्याच मापाची चौकट वेल्ड करावी, आणि चारही कोपऱ्यांत भोके पाडून दोन्ही चौकटी नटबोल्टने जोडाव्यात, ही युक्ती त्याचीच. वेल्डिंगच्या जागी आधी रेड ऑक्साइड आणि त्यावर जुन्या ग्रीलसारखाच काळा ऑइल पेंट लावला. उन्हाळ्यात तो तुकडा पलंगाखाली असतो आणि पाऊस लागला की पुन्हा खिडकीत जातो. दिवाळीला मालक आले, त्यांनी बोल्ट हाताने हलवून पाहिले आणि चोराने पाना आणला तर काय, असे विचारले. प्रश्न रास्त होता. नट आतल्या बाजूला आहेत आणि बाहेरून बोल्टचे फक्त गोल डोके दिसते, हे दाखवल्यावर त्यांनी दुसऱ्या खोलीतही तसेच करून घ्यायला सांगितले, अर्थात आमच्या खर्चाने.

महाल

आमची किरायेदारी सासऱ्यांच्या काळापासूनची आहे. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा बसून स्वयंपाक करण्याची जागा काढून विटांच्या पायांवर कडप्प्याचा उभा ओटा बांधला, आणि मुले मोठी झाल्यावर मधल्या खोलीत प्लायवुडचे पार्टिशन टाकले. जुने मालक होते तोवर कोणी हरकत घेतली नाही. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवली, आणि तिच्यात ओटा, पार्टिशन व मागच्या अंगणातला संडास या तिन्ही गोष्टी विनापरवाना कायमस्वरूपी बांधकाम म्हणून दाखवल्या होत्या. ओटा आणि पार्टिशन यांचे उत्तर आमच्या वकिलांनी वर दिलेल्या यादीवरूनच दिले. संडासाचे मात्र तसे नव्हते. विटांच्या भिंती आणि वर स्लॅब असलेली ती वास्तू कोणत्याही यादीत बसणारी नव्हती, आणि तिला मालकांची संमती होती हे सासऱ्यांचे तोंडी म्हणणे तेवढे आमच्याकडे होते. घरातल्या ट्रंका उपसल्यावर जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्यात मालकांचे एक पोस्टकार्ड सापडले. संडास बांधून घ्यावा, खर्च किरायात वळता करू, अशा दोन ओळी त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात होत्या आणि खाली सही होती. वकिलांनी त्याची प्रत उत्तरासोबत जोडली. त्यानंतर दावा दाखल झाला नाही, किराया मात्र आता मनिऑर्डरने पाठवावा लागतो.

मानेवाडा (घरमालक)

वरचे अनुभव वाचून मालकाची बाजू मांडणे आवश्यक वाटले. खिळे, हुक, पडद्याचे रॉड यांवरून मी कधीही कोणाचा पैसा कापलेला नाही. माझा आक्षेप पाणी आणि वीज या दोन गोष्टींना आहे. वरच्या मजल्यावरील किरायेदारांनी आम्ही गावी असताना वॉशिंग मशीनसाठी बाथरूमची फरशी फोडून नवा पाइप टाकला. वरून टाइल इतकी सफाईने बसवली होती की आम्हाला पत्ताही लागला नाही, परंतु टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटला तो फुटलाच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आमच्या देवघराच्या छताचे पोपडे पडू लागले आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्या डिपॉझिटपेक्षा जास्त झाला. दुसऱ्या एका कुटुंबाने एसी साध्या पाच अँपिअरच्या पॉइंटवर चालवला. बोर्ड वितळून काळा पडल्यावरच ते कळले. आता मी करारातच लिहून घेतो की फरशी, नळ आणि वायरिंग यांना हात लावण्यापूर्वी विचारावे; बाकी घर आपले समजून राहावे.

— काका, आपले म्हणणे मान्य आहे. पण एसीसाठी वेगळी लाइन मागितली की मीटरचा मंजूर वीजभार वाढवावा लागतो, आणि मीटर मालकांच्या नावावर असल्याने तो अर्ज त्यांनाच करावा लागतो. आमचे मालक तो अर्ज दोन उन्हाळे टाळत आले आहेत. (प्रतापनगर)

धंतोली

आई घसरून पडल्यानंतर मी बाथरूममध्ये आधाराची स्टीलची दांडी बसवून घेतली. त्याआधी मालकीणबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले होते. निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही. ड्रिल करताना एक टाइल तडकली. घर सोडताना त्या डिझाइनची टाइल आता मिळत नाही, असे सांगून त्यांनी पूर्ण भिंतीच्या टाइल्सचे पैसे कापले. मी निरोप आणि तारीख दाखवल्यावर निम्मे परत मिळाले. दांडी त्यांनी काढू दिली नाही. पुढच्या किरायेदारांना घर दाखवताना ती सोय म्हणून सांगितली जाते, असे शेजारच्या काकूंकडून कळले.

खामला

चिकटवण्याचा वॉलपेपर. निघताना त्याच्याबरोबर डिस्टेंपर आणि पुट्टीही निघाली. एका भिंतीचा रंग स्वखर्चाने करून दिला आणि डिपॉझिट पूर्ण मिळाले.

नंदनवन

आमचे प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण ते दुरुस्तीचे आहे. आम्ही जुने मासिक किरायेदार आहोत, लीव्ह अँड लायसन्सवर नाही. गच्ची गळत होती आणि मालकांचे "यंदा करून देतो" हे वाक्य प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येत होते. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये तरतूद आहे की घर राहण्याजोगे ठेवण्याची दुरुस्ती मालकाने केली नाही, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन किरायेदार ती स्वतः करू शकतो आणि खर्च किरायातून वळता करून घेऊ शकतो, मात्र वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आम्ही रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, मुदत संपू दिली, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढले, आणि गवंड्याकडून मजुरीची व दुकानातून मालाची वेगवेगळी बिले घेतली. मर्यादेवरचा खर्च आम्ही सोसला. मालक आठवडाभर बोलले नाहीत, नंतर त्यांनी बिलांच्या मूळ प्रती मागून घेतल्या आणि कपात मान्य केली. पुढच्या मे महिन्यात त्यांनी स्वतःचा ठेकेदार पाठवून उरलेली गच्चीही करून घेतली. तो आमच्या गवंड्यापेक्षा बराच महाग पडला, पण तो हिशेब आता त्यांचा आहे.