जुने गेम नव्या कन्सोलवर परत आले, आपल्याला काय मिळालं? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

लोकमान्य नगर (धागा काढणारा)

परवा भाच्याच्या मुंजीत दोन मावसभावांचं पंगतीतच चांगलं जुंपलं. एक म्हणे जुनाच गेम नव्या कन्सोलसाठी पुन्हा विकणं म्हणजे एकच साडी नवी घडी घालून तीनदा विकणं, दुसरा म्हणे अरे पण तुझं जुनं मशीन चालतंय का आता ते सांग आधी. मला दोघांचंही पटलं म्हणून हा धागा. इंदूरचे असाल किंवा इंदुरात वाढलेले असाल तर स्वतःचा अनुभव लिहा, ऐकीव नको. नाव नको, नुसता मोहल्ला टाका.

माझ्यापासून सुरू करतो. ९५-९६ साल असेल, आमच्याकडे जो व्हिडिओगेम होता तो खरा फॅमिकॉम, म्हणजे निन्टेन्डोचा जपानी कन्सोल, नव्हताच, त्याची नक्कल होती, आणि हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. "९९९९९९ इन वन" लिहिलेली कॅसेट, फुंकर मारून घालायची, त्यात कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, की तीस जीव मिळायचे, मी आणि दादा दोघं बसायचो आणि आई मागून ओरडायची की टीव्हीची पिक्चर ट्यूब जाईल. मग २०१९ मध्ये नव्या कन्सोलवर कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन आलं आणि मी घेतलं, म्हटलं आठवण म्हणून असू दे. पण त्यात त्याच गेमची जपानी आवृत्तीपण आहे, ती लावली तर जंगलाच्या लेव्हलला झाडं हलतायत आणि बर्फाच्या लेव्हलला चक्क बर्फ पडतोय! आमच्या कॅसेटमध्ये तो बर्फ नुसता पांढरा होता आणि आम्हाला तोच खरा वाटायचा. म्हणजे ज्या गेमची लेव्हल न् लेव्हल मला पाठ होती तो मी पूर्ण पाहिलाच नव्हता. दादाला पुण्याला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, तो किती वेळ काही बोललाच नाही.

माझ्यासाठी तरी फायदा झाला, अगदी मनापासून सांगतो. आता तुम्ही लिहा.

महाराणी रोड

मी दुरुस्तीचं काम करतो, वीस वर्षं झाली, कन्सोल टीव्ही साउंड सगळं. लोकांना वाटतं की गेम म्हणजे डिस्क जपून ठेवली की झालं, तसं नसतं. प्लेस्टेशन २ ची लेन्स कमजोर होते मग डिस्क वाचत नाही, जुन्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात, ज्या कॅसेटमध्ये सेव्ह व्हायचं त्यात आत नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की तुमचं सगळं सेव्ह गेलं. आणि मशीन एकदम ठणठणीत असलं तरी लावणार कुठे? नवीन टीव्हीला ती लाल-पांढरी-पिवळी पिन बरेचदा नसतेच, मग लोक स्वस्तातला कन्व्हर्टर लावतात आणि मला येऊन सांगतात की भिया, मारिओ उशिरा उडतो. उशिरा उडतोच, कारण कन्व्हर्टर आणि टीव्ही दोघं चित्र तयार करायला वेळ घेतात.

बंदुकीवाला डक हंट आठवतो ना? एक गृहस्थ जपून ठेवलेली बंदूक घेऊन आले होते, नातवाला दाखवायची होती. मला 'नाही चालणार' असं सांगावं लागलं. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला सेन्सर तो उजेड नेमका त्याच वेळी शोधतो. पिक्चर ट्यूबवर तो उजेड वेळेवर यायचा, एलईडीवर उशीर होतो, झालं, बंदूक आंधळी. बंदुकीत दोष काहीच नव्हता. असे गेम कोणीतरी नव्या कंट्रोलरसाठी जुळवून काढले तरच नातवाला दिसणार, डक हंट २०१४ ला निन्टेन्डोच्या वी यू कन्सोलवर तसा आला होता, वीच्या रिमोटने खेळायचा.

म्हणून मी तरी म्हणतो काढा, पुन्हा पुन्हा काढा. मशीनं मरतात, मी रोज बघतो.

टिळक नगर

वाचत होते नुसती, पण लिहायलाच हवं असं वाटलं.

माझा धाकटा भाऊ, त्याची नजर नवव्या-दहाव्या वर्षापासून कमी होत गेली, आता उजेड-अंधार आणि मोठे आकार एवढंच कळतं. लहानपणी मी खेळायचे आणि तो शेजारी बसून विचारायचा ताई आता काय झालं, ताई दार उघडलं का, आणि मी सांगत सांगत खेळायचे. मग मी लग्न होऊन बडोद्याला गेले तेव्हा त्याचा तो खेळ बंदच झाला, त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

द लास्ट ऑफ अस हा गेम २०१३ चा, प्लेस्टेशन ३ वरचा. २०१४ ला ४ वर आला, आणि २०२२ ला प्लेस्टेशन ५ साठी पार्ट वन म्हणून नव्याने बांधून काढला. तेव्हा सगळीकडे ओरड होती की एवढे पैसे कशाला, गोष्ट तीच, माणसं तीच. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या नव्या आवृत्तीत सिनेमासारखे जे सीन येतात त्यांचं वर्णन आवाजात ऐकू येतं, कोण वळलं, कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे, म्हणजे मी जे सांगायचे ना तेच. शिवाय पुढे कुठे जायचं ते आवाजावरून कळतं, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला जातो, नेम धरायला मदत घेता येते. २०१३ च्या डिस्कमध्ये ते वर्णन नव्हतं.

माझ्या भावाने तो गेम स्वतः पूर्ण केला. इंग्रजी वर्णन आहे, त्याला जमतं, सगळ्यांना जमेलच असं नाही हेही खरं. शेवट झाल्यावर रात्री दीड वाजता त्याचा फोन आला आणि पहिलं वाक्य हे की ताई, तू मला जिराफाचा सीन नीट सांगितला नव्हतास.

ज्यांना दिसतं त्यांना तोच गेम परत मिळाला असेल. त्याला पहिल्यांदा मिळाला.

भंवरकुआं

वरचं वाचून थोडं थांबलो, कारण मी उलटं लिहायला आलो होतो आणि लिहिणारच आहे, पण ताई तुमच्या भावासाठी खरंच आनंद वाटला.

मी इथे कोचिंगसाठी आलो तेव्हा लॅपटॉपवर कॉलेजच्या दिवसांतला एक आवडता गेम ऑनलाइन दुकानातून रीतसर पैसे देऊन घेतला, पहिल्यांदा आयुष्यात चोरीचा नाही असा गेम. कंपनीचं नाव घेत नाही. काही वर्षांनी नवी आवृत्ती आली आणि जुनी विक्रीतून काढून टाकली, माझ्याकडे होती म्हणून राहिली पण रूममेटला तीच हवी होती तर त्याला नवीच घ्यावी लागली. चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे, पाऊस असा की रस्ता दिसेना, आणि गाडीत बसल्यावर रेडिओवर जी गाणी लागायची त्यातली काही गायब. गाणी जातात त्याचं कारण असं की गाण्याचा परवाना बरेचदा ठरावीक वर्षांसाठी घेतलेला असतो, मुदत संपली की पुन्हा पैसे भरा नाहीतर काढा. कायद्याने बरोबर असेल हो, पण त्या गेममध्ये रात्री समुद्राच्या कडेने गाडी चालवताना जे गाणं लागायचं ते गेमचाच भाग होतं ना.

माझा राग पुन्हा विकण्यावर नाहीच. नवीन काढताना जुनं काढून घेण्यावर आहे. सुपर मारिओ थ्री-डी ऑल-स्टार्स बघा, सप्टेंबर २०२० ला आला, तीन जुने गेम एकत्र, आणि ३१ मार्च २०२१ ला विक्री बंद, आधीच जाहीर करून. सहा महिने! निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास प्रसिद्ध केला की तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के सरळ मार्गाने विकत मिळतच नाहीत. जेवढे परत येतात ते त्या उरलेल्या तेरातले.

जेल रोड

माझा मुद्दा छोटा आहे. पुन्हा विकत घ्यायलाच कशाला लावता? २०१५ च्या शेवटी एक्सबॉक्स वनवर एक्सबॉक्स ३६० चे गेम चालायला लागले, आधी थोडेच, मग यादी वाढत गेली, आणि यादीतला गेम असेल तर जुनी डिस्क घाला, डाउनलोड होतो, खेळा, पैसे शून्य. आमच्याकडे ३६० च्या डिस्कांचा डबा होता, अर्ध्याहून जास्त चालल्या, दिवाळीच्या सुट्टीत सगळी चुलत भावंडं जमली तर त्याच खेळलो. प्लेस्टेशन ५ वरपण ४ चे जवळजवळ सगळे चालतात. प्लेस्टेशन ३ चं मात्र अडतं, त्याचा सेल नावाचा प्रोसेसरच इतका वेगळा होता की त्याची नक्कल नव्या मशीनवर उतरवणं फार अवघड, मग तिथे पुन्हा बांधून विकला तर मी समजू शकतो. पण जिथे नुसती डिस्क चालू करून देता येते तिथे चालू करून द्यावी.

सुदामा नगर

वेगाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पूर्वी शाळा सुटल्यावर राजवाड्याच्या मागे एका पार्लरमध्ये जायचो, दहा रुपये तास, टेकेन ३. तिथल्या डिस्का बहुतेक कॉपी केलेल्या अमेरिकन आवृत्तीच्या. माझ्या अंगठ्यात तो वेग बसलेला आहे. नंतर मामेभावाने बाहेरून एक छोटा तयार कन्सोल आणला, वीसेक जुने गेम आत भरलेले, नाव नको, लावला आणि दोन मिनिटांत म्हटलं काहीतरी चुकतंय, मी पाण्यात लढतोय असं वाटत होतं. घरच्यांना वाटलं वय झालं. मग शोधून वाचलं तर कळलं की त्यात पाल, म्हणजे युरोपातली आवृत्ती भरलेली आहे, म्हणजे पडदा सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा बदलतो, आणि गेम त्यासाठी नीट जुळवला नसेल तर सगळाच सहाव्या हिश्शाने हळू चालतो. वय नव्हतं झालं.

परत आणायचा तर निवड करणाऱ्याने आधी खेळून बघावा, एवढीच विनंती. जपानी, अमेरिकन, पाल, तिन्ही द्या की आत, जागा कितीशी लागते.

नारायण बाग

सगळे बाहेरच्या गेम्सबद्दल लिहितायत, मी आपल्याबद्दल लिहिते. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर दोन भारतीय गेम आले होते, हनुमान: बॉय वॉरियर आणि देसी अड्डा. देसी अड्डामध्ये कबड्डी होती, पतंगबाजी होती. आमच्या बाबांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता पण पतंग दिसल्यावर म्हणाले आण इकडे, आणि ढील कशी द्यायची ते मला शिकवायला लागले, संक्रांतीला गच्चीवर शिकवायचे तसंच. गेम काही फार भारी होते असं मी म्हणणार नाही, पण आमच्या घरात बाबांनी खेळलेला तो एकच.

हे दोन्ही नव्या कन्सोलवर आलेले मला आजवर कुठे दिसले नाहीत. कॉन्ट्रा परत येतो, टेकेन येतो, मारिओ तर येतच राहतो. आपल्याकडचा गेम परत कोण आणणार? म्हणून मला हा प्रश्न फक्त पैशाचा वाटत नाही, कोणाचं बालपण परत आणण्यालायक धरलं जातं त्याचाही आहे.

डिस्क माझ्याकडे आहे, ओरखडा नाही, गोदरेजच्या कपाटात बाबांच्या कागदांबरोबर ठेवलीय. प्लेस्टेशन मात्र लावलं की नुसतं फिरतं, वाचत नाही. मुलगी आता आठ वर्षांची झाली.

महाराणी रोड

नारायण बागवाल्या ताई, ती लेन्सच असणार. माझ्याकडे दोन पडल्यात जुन्या मशीनमधून काढलेल्या. रविवारी दुपारी दुकान अर्धं उघडं असतं, मशीन आणि डिस्क दोन्ही घेऊन या, मुलीलापण आणा. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्हीपण आहे, त्यावर लावून बघू.